संमतीचा रकाना

सेनाधीर साहेबांनी अर्ज उलटा केला, सुलटा केला, आणि चौथ्या खेपेलाही तोच प्रश्न विचारला.

"नवऱ्याची सही कुठाय?"

"साहेब, मागच्या मंगळवारीही सांगितलं होतं. तो सहा वर्षं घरी नाही. चिलावला दुसरीबरोबर राहतो."

"घटस्फोट झालाय?"

"नाही."

"मग नवरा आहे."

"कागदावर आहे."

"आम्ही कागदावरच काम करतो, बाई," साहेब म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खुश होऊन त्यांनी शेजारच्या कारकुनाकडे पाहिलं. कारकूनही लगेच हसला. साहेबांच्या विनोदांना हसण्याचाच तो पगार घेत असावा.

इनोका हसली नाही. पहाटे चारला उठून, पोरीचा डबा भरून, सासूच्या गुडघ्याला तेल लावून, कारखान्यात अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती तालुक्याला आली होती. छत्तीस वर्षांची ही बाई हेट्टिपोळच्या सडकेवरच्या कपड्यांच्या कारखान्यात अकरा वर्षं काम करत होती. पहिली पाच वर्षं मशीनवर, पुढे लाईनची मुकादम, आणि आता तयार शर्ट तपासायला. कॉलरचा एक टाका जरी सुटलेला असला तरी तिच्या बोटाला तो डोळ्याआधी कळायचा. जॉर्डनमधल्या एका कारखान्याची माणसं गावात आली, साठ बायकांची परीक्षा घेतली आणि तपासनीस म्हणून तिघींना निवडलं. त्यात इनोका पहिली. दोन वर्षांचा करार. बावीस तारखेचं विमान.

डॉक्टरचा दाखला झाला होता, पोलिसांचा झाला होता, दहा दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. अडलं होतं ते एका अहवालावर. बाईमाणसाला परदेशी कामाला जायचं तर तालुका कचेरीचा माणूस घर बघून जाणार, मागे मूलबाळ कोण सांभाळणार ते लिहिणार, आणि खाली नवऱ्याच्या संमतीचा रकाना. तो भरल्याशिवाय शिक्का नाही आणि शिक्क्याशिवाय विमान नाही.

"आणि हे काय लिहिलंय, साहेब?" इनोकानं अर्जावर बोट ठेवलं. "घरकाम?"

"मोलकरणीचंच काम ना?"

"नाही. तपासनिसाचं. कारखान्यात. पत्रात लिहिलंय."

"एकच ते."

"एकच कसं? खोडा ते."

साहेबांनी नाखुशीनं खोडलं. मग पेन तोंडाशी धरून विचारलं, "तिथे एकटीच राहणार?"

"कारखान्याच्या वसतिगृहात. चारशे बायका राहतात."

"म्हणजे एकटीच." त्यांनी तसंच लिहिलं. "असं करा, नवऱ्याला गाठा. नऊ तारखेला मी घर बघायला येतो, तेव्हा त्यालाही बोलवा. सही घेऊ, काम संपलं."

घरी आल्यावर तिनं सगळं सांगितलं तेव्हा सासू, पोडिमेणिके अम्मा, अंगणात नारळ सोलत बसली होती. सत्तरीची बाई, पण तिचा कोयता अजून चुकत नव्हता. उपाली तिचा एकुलता एक. तो गेला तेव्हा गावाला वाटलं, म्हातारी आता मुलाच्या मागे चिलावला जाईल. ती गेली नाही. "ज्याला आई न्यायचं सुचलं नाही त्याच्या दारात मी कशाला जाऊ?" एवढंच म्हणाली आणि सुनेजवळ राहिली.

"त्याची सही?" अम्मा म्हणाली. "इथला विजेचा दिवा गेला तर त्याला कळत नाही. त्याची सही कशाला?"

"तो घरचा कर्ता आहे म्हणे."

"कोणत्या घरचा?" अम्मानं कोयता असा आपटला की नारळाचे दोन तुकडे दोन दिशांना गेले.

रविवारी इनोका चिलावला गेली. जाताना तिनं मनाशी शंभरदा घोकलं होतं की भांडायचं नाही. बस स्टँडजवळच्या रिक्षांच्या रांगेत उपाली लगेच दिसला. काळा चष्मा, इस्त्रीचा शर्ट, आणि नवीकोरी लाल रिक्षा. पुढच्या काचेवर बुद्धाचं चित्र, मागच्या काचेवर येशूचं. तो तिला रिक्षात बसवून घरी घेऊन गेला, वाटेत दोन वेळा हॉर्न वाजवून ओळखीच्यांना हातही केला.

मर्लिन बाहेर चुलीवर मासे तळत होती. इनोकानं तिला पूर्वी एकदाच पाहिलं होतं, आणि तेही बाजारात, लांबून. मर्लिननं हात पुसले, खुर्ची दिली, चहा आणून ठेवला. साखर वेगळी, वाटीत. इनोकाला ती नम्रताही खुपली, पण चहा तिनं घेतला. तीन तास बसमध्ये उभी होती ती.

"मी नाही म्हणत नाही," उपाली पाय पसरून म्हणाला. "पण विचारायची एक रीत असते."

"आत्ता विचारतेच आहे की. हा अर्ज, हे पेन."

"असं नाही. चोरून आल्यासारखं. तो साहेब घरी येणारे ना? मीही येतो. नवरा म्हणून बसतो. तिथे चारचौघांत विचार. गावालाही कळू दे, उपालीनं बायकोला परदेशी पाठवलं म्हणून."

"अहो, तुम्ही पाठवताय?"

"सही कुणाची आहे?"

मर्लिन चुलीपाशी उभी होती, तिथूनच म्हणाली, "द्या की सही इथेच. तुमचं काय जातंय?"

"तू मासे बघ. करपतील."

इनोकानं पेन पिशवीत टाकलं. परतीच्या बसमध्ये तिला जागा मिळाली, पण बसवेना. आपण अकरा वर्षं दिवसाला हजार शर्ट पास-नापास केले, आणि हा खुर्चीत रेलून आपल्याला पास करणार! नुसत्या विचारानं तिच्या तळपायाची आग मस्तकाला जात होती. पण बावीस तारीख जवळ आली होती. एक दिवस याला मखरात बसवायचं, एवढंच ना? बसवू.

नऊ तारखेला तिनं लाल तांदळाचा भात, डाळ, फणसाची भाजी, नारळाच्या तिखट चटणीसारखा संबोल केला. तेरा वर्षांच्या सेव्वंदीला शाळेतून लवकर बोलावून घेतलं. अम्मानं घर झाडलं पण बजावून सांगितलं, "त्याच्यासाठी खुर्ची पुसणार नाही मी."

उपाली पांढऱ्या शर्टात आला. येताना त्यानं रिक्षा मुद्दाम घरासमोरच्या दुकानावरून हळू आणली. आल्याबरोबर तो ओसरीवरच्या मोठ्या खुर्चीत बसला, धूळ असलेल्याच. सेनाधीर साहेब आले तसे दोघांचं छान जमलं. आधी क्रिकेट झालं, मग पावसाचं झालं, मग पेट्रोलचं. इनोका दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्याकडे कुणी पाहिलंही नाही. साहेब सगळे प्रश्न उपालीला विचारत होते.

"मुलगी कितवीत?"

"सहावीत," उपाली म्हणाला.

"आठवीत आहे मी," सेव्वंदी आतून म्हणाली.

"बघा, पोरं कशी भराभर वाढतात!" उपाली हसला. साहेबही हसले आणि त्यांनी आठवी लिहिलं.

"पिण्याच्या पाण्याची सोय?"

"विहीर आहे ना, मागे."

"ती आटून चार वर्षं झाली," अम्मा म्हणाली. "नळ आलाय. तिनं आणला."

"नळ," साहेबांनी लिहिलं. "बाई गेल्यावर मुलीला कोण बघणार?"

"मी," अम्मा म्हणाली. "आज कोण बघतंय?"

"आणि मी असतोच येऊन-जाऊन," उपालीनं भर घातली.

साहेबांनी तेही लिहिलं. इनोका मनात म्हणाली, होऊ दे. एक सही. मग तो आणि त्याची लाल रिक्षा.

जेवणं झाली. साहेबांनी हात धुतले, अर्ज पुढे ठेवला. "तर मग, संमती आहे ना?"

उपालीनं पेन घेतलं. दोन बोटांत फिरवलं. समोर दुकानाच्या पायरीवर चार माणसं येऊन बसली होती, त्यांच्याकडे एक नजर टाकली. मग पेन खाली ठेवलं.

"साहेब, खरं सांगू का? मी खूप विचार केला. आईविना घर म्हणजे घर नव्हे. टीव्हीवर बघतो ना आपण, बायका जातात आणि मागे मुली वाया जातात. पोरीच्या काळजीनं मला झोप लागत नाही. बाप आहे मी. माझं मन होत नाही."

साहेबांनी मान हलवली. बापाच्या मनाचा आदर केला पाहिजे अशी ती मान होती. "मग माझ्या हातात काही नाही," ते म्हणाले आणि अर्ज पिशवीत घालू लागले.

इनोका लग्नापासून नवऱ्याला अहो-जाहो करत आली होती. त्या क्षणी ते तिच्या तोंडून गळून पडलं.

"कुणाच्या झोपेचं सांगतोस तू?" ती ओसरीवर आली. "पोर चौथीत असताना डेंग्यूनं कुरुनेगलच्या दवाखान्यात पाच दिवस पडून होती. मी सात वेळा फोन केला. तेव्हा झोप लागली होती ना? कितवीत आहे ते माहीत नाही, पाणी कुठून भरतो ते माहीत नाही, आणि मन होत नाही?"

"साहेबांसमोर आवाज चढवू नकोस."

"साहेबांनाही विचारायचंय मला." ती सेनाधीरांकडे वळली. "साहेब, हा कतारला गेला होता, तीन वर्षं. ट्रक चालवायला. तेव्हा सेव्वंदी तीन वर्षांची होती. मी चोवीस तास मशीन आणि मूल करत होते. ह्याची बॅग मी भरली. तेव्हा तुमच्या कचेरीतून माझ्या घरी कोण आलं? पोरीला कोण बघणार, पाणी कुठलं, बायकोचं मन होतंय का, कुणी विचारलं? माझी सही कुठल्या कागदावर आहे ती दाखवा."

"पुरुषांसाठी तसा नियम नाही, बाई."

"का नाही?"

"नियम काही मी केलेला नाही."

"पण माझ्या ओसरीवर बसून माझाच भात खाऊन राबवताय तुम्हीच ना?"

सेनाधीर साहेब लालबुंद झाले. दुकानाच्या पायरीवर कुणीतरी खोकलं. उपाली उठून उभा राहिला. त्याला वाटलं होतं बायको रडेल, हातापाया पडेल, आणि मग तो दिलदारपणे सही करेल. हे भलतंच झालं होतं.

"बरं, नाही म्हणता ना?" इनोका साहेबांना म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. "मग लिहून द्या. आमच्या कारखान्यात एक शर्ट नापास केला तरी चिठ्ठीवर कारण लिहावं लागतं. मी तर माणूस आहे. लिहा, अर्जदार बाई स्वतः कमावते. मुलीची सोय आजीकडे आहे. घर ठीक आहे. नवरा सहा वर्षं दुसऱ्या गावी दुसऱ्या बाईबरोबर राहतो. आणि त्याचं मन होत नाही म्हणून नापास."

"असं लिहिता येत नाही."

"ह्यातलं खोटं काय आहे?"

तेवढ्यात अम्मा गुडघ्यावर हात रोवून उठली. तोंडातलं पान तिनं अंगणात थुंकलं आणि साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"लिही बाबा. माझ्या पोटचं पोर आहे म्हणून सांगते, ते खोटं बोलतंय. त्याला झोप न लागायला काय झालं? लहानपणी शाळेतसुद्धा झोपायचं. लिही तू, खाली मी सही करते. माझी सही चालते ना? का माझ्या मेलेल्या नवऱ्याची लागेल?"

पायरीवरची माणसं आता उघड हसली. उपालीनं काळा चष्मा चढवला, रिक्षा सुरू केली आणि आईकडे न बघता गेला. साहेबांनी शेवटी लिहिलं. पूर्ण नाही लिहिलं. दुसऱ्या बाईचं गाळलं, तर इनोकानं ते स्वतःच्या हातानं खाली लिहिलं. अम्मानं एकेक अक्षर कोरत सही केली.

तो कागद घेऊन इनोका दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या मोठ्या अधिकाऱ्यांकडे गेली. दिवसभर बाकावर बसली. ते बैठकीत होते. त्यानंतरच्या दिवशीही बसली. तिसऱ्या दिवशी त्यांनी कागद घेतला, चष्म्यावरून वाचला आणि म्हणाले, "प्रकरण नाजूक आहे. वर विचारावं लागेल. कळवू."

कुणी कळवलं नाही. बावीस तारीख आली. विमान गेलं. निवडलेल्या तिघींपैकी दोघी त्यात होत्या. इनोका त्या दिवशी हेट्टिपोळच्या कारखान्यात उभी होती, आणि तिनं इतके शर्ट नापास केले की मुकादम येऊन विचारून गेला, बरं वाटत नाही का म्हणून.

सव्वीस तारखेला दुपारी मर्लिन आली. बसनं, एकटी. तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत दुमडलेला अर्ज. संमतीच्या रकान्यात उपालीची सही होती, वेलांटी ओढलेली, ऐटदार.

"हे घे, अक्का," ती म्हणाली. ती दारातच उभी होती, आत येऊ की नको अशी. "मला काल कळलं त्यानं काय केलं ते. घरी येऊन फुशारकीनं सांगत होता, दारूच्या भरात. मी सकाळी कचेरीतून कोरा अर्ज आणला आणि त्याला म्हटलं, सही कर, नाहीतर रिक्षाची चावी ठेव."

"रिक्षाची चावी?"

"रिक्षा माझी आहे. आठ वर्षं कुवेतला होते मी, हा भेटायच्या आधी. दुसऱ्याची पोरं वाढवली, दुसऱ्याच्या फरश्या पुसल्या. तेव्हा हा नियम नव्हता, म्हणून जाता आलं. त्याच पैशाची रिक्षा आहे ती. आणि त्यात बसून हा तुला अडवतो?"

या बाईचा इनोकानं सहा वर्षं मनातल्या मनात उद्धार केला होता. तो एका दुपारी मागे घेता येत नव्हता, आणि मर्लिनही ते मागत नव्हती. शेवटी अम्माच आतून ओरडली, "दारात काय उभ्या राहिल्यात दोघी? पाणी तरी दे तिला."

मर्लिन पाणी प्यायली, सेव्वंदीची वही उलटून पाहिली, "अक्षर सुंदर आहे गं," म्हणाली आणि चारच्या बसनं गेली.

सही मिळाली तसं कचेरीत सगळं सुरळीत झालं. अर्ध्या तासात शिक्का. सेनाधीर साहेब आता मोठ्या प्रेमानं बोलत होते.

"झालं ना शेवटी काम? उगाच चिडचिड केलीत. नवरा-बायकोत होतं असं. फक्त ते तुम्ही मोठ्या साहेबांना दिलेलं पत्र आहे ना, ते मागे घ्या. फायलीत राहिलं की विनाकारण प्रश्न येतात."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे... सगळ्यांनाच."

"येऊ देत," इनोका म्हणाली. "साहेब, माझी परीक्षा झाली, त्यात मी पहिली. माझ्या सासूनं सही दिली, ती चालली नाही. माझा शब्द चालला नाही. चालली कुणाची, तर पोरीची इयत्ता माहीत नसलेल्या माणसाची. तपासनिसाची जागा माझी गेली, तिथे दुसरी लागली. मी आता मशीनवर जातेय, पुन्हा पहिल्यासारखी. आणि तुम्ही म्हणता, काम झालं! ते पत्र तिथेच राहील. त्याची पोच मला द्या. शिक्क्यासकट."

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकून या वेळी हसला नाही. त्यानं पोच लिहिली.

पुढच्या महिन्याच्या अठरा तारखेला सकाळी गाडी न्यायला आली. अम्मानं बॅगेत लाल तिखट, सुकट आणि कढीपत्ता कोंबला होता. इनोकानं कढीपत्ता काढला, अम्मानं परत घातला, त्यावरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं आणि त्या भांडणात रडायचं राहून गेलं. सेव्वंदी शाळेच्या पांढऱ्या गणवेशात फाटकापाशी उभी राहिली. तिनं वाकून आईच्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "पोचल्यावर आजीच्या फोनवर नको, माझ्या फोनवर कर. तिला उचलता येत नाही."

गाडीत जिल्ह्यातल्या आणखी सात बायका होत्या. कटुनायकेचा विमानतळ दोन तासांवर होता. पहिला अर्धा तास सगळ्या खिडकीबाहेर बघत, नाक पुसत होत्या. मग मागच्या सीटवरची एक ठेंगणी, विशीतली मुलगी म्हणाली, "तुमच्यात सही कुणाची?"

"माझ्या भावाची," एकीनं सांगितलं. "माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे. ढुंगण मी धुतलंय त्याचं."

"माझ्या वडिलांची. दोन्ही डोळ्यांना दिसत नाही. मी बोट धरून रकान्यावर ठेवलं."

"तुझी, अक्का?"

"नवऱ्याची," इनोका म्हणाली, आणि तिनं सगळं सांगायला सुरुवात केली, चौथ्या खेपेपासून नव्हे, पहिल्या खेपेपासून. मधेच कुणीतरी साहेबाला शिवी हासडली, कुणीतरी उपालीला. ड्रायव्हरनं आरशातून मागे पाहिलं आणि रेडिओचा आवाज वाढवला.

"बंद कर रे ते," पाचसहा जणी एकदम ओरडल्या. "ऐकू दे आम्हाला."

त्यानं रेडिओ बंद केला.